मुळा फुलू द्या, डिंगऱ्या खा, बी राखा

मुळा जून झाला, आतून पोकळ निघाला, मधोमध दांडा वर आला की आपण तो उपटून फेकून देतो. बाजारातही अशा मुळ्याला कोणी विचारत नाही. परंतु डब्यात, गोणीत किंवा दारापुढच्या हातभर जागेत आपण स्वतः लावलेल्या मुळ्याच्या बाबतीत ही घाई नुकसानीची आहे. त्या दांड्याला फुले येतात, फुलांच्या शेंगा होतात, आणि त्या कोवळ्या शेंगा म्हणजेच डिंगऱ्या. मूळ एकदाच उपटून खाता येते. डिंगऱ्या दोन-तीन दिवसांआड, कित्येक आठवडे तोडता येतात. शेवटी उरलेल्या शेंगा वाळवल्या की पुढच्या वर्षाचे बी घरात येते.

वस्तीतल्या घरात जागा कमी, पाणी मोजके आणि भाजीचा खर्च रोजचा. अशा घराला फुललेला मुळा काय देतो, तो कसा राखायचा आणि कुठे जपायचे, हे या लेखात पाहू.

मुळा जून का होतो?

मुळा ही झाडाची शिदोरी आहे. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न झाड मुळात साठवते. पुढे फुलायची वेळ आली की झाड तीच शिदोरी खर्चून दांडा वर काढते. म्हणून फुलोऱ्यावर आलेला मुळा पोकळ आणि दोऱ्यासारखा चिवट लागतो. तो बिघडलेला नसतो. त्यातला माल वर चढलेला असतो, आणि तो आपण फुलाच्या वाटेने शेंगेत परत मिळवतो.

मोहरी, कोबी, फुलकोबी, नवलकोल ही मुळ्याची भावंडे, एकाच कुळातली. या कुळातल्या फुलाला चार पाकळ्या असतात. मुळ्याचे फूल पांढरे किंवा फिकट जांभळे असते. शेंग निमुळत्या टोकाची, बोटासारखी. उत्तर भारतात आणि गुजरातेत केवळ शेंगांसाठी लावायची मुळ्याची वेगळी जात आहे. तिला तिकडे मोगरी, मुंगरा किंवा सिंगरी म्हणतात. आपल्याकडे ते बी मिळाले नाही तरी अडत नाही. साध्या पांढऱ्या मुळ्याच्या शेंगाही तितक्याच खाण्याजोग्या असतात. अळिंबीच्या एका जातीला ढिंगरी म्हणतात, ती वेगळी. नावाने गोंधळू नये.

आपल्या ताटाशी याचा संबंध काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६७ टक्के आहे. म्हणजे गल्लीतल्या दहा बायका पाण्याच्या रांगेत उभ्या असतील, तर त्यांतल्या पाच-सहा जणींना दम लागणे, चक्कर येणे, काम करताना हातपाय गळून जाणे हे रोजचे असू शकते. "बाईच्या जातीला एवढे चालायचेच" म्हणून ते अंगावर काढले जाते.

डिंगऱ्या खाल्ल्याने रक्तक्षय बरा होतो, असे मुळीच नाही. बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस. पण गोळीबरोबर ताटही सुधारावे लागते. आपण भाकरी, डाळ, मटकी, हरभरा खातो. त्यांत लोह असते, परंतु धान्य-कडधान्यातले लोह शरीर सहजासहजी उचलत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर ते अधिक उचलले जाते. मुळ्याचा पाला आणि कोवळ्या डिंगऱ्या या कामाच्या आहेत. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह वाया जाते. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मुळ्याचा पांढरा भाग म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण ९५ ग्रॅम पाणी. चुना म्हणजे कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्वाचे घटक पाल्यात त्याच्या कितीतरी पट जास्त असतात. तरीही कित्येक घरी भाजीवालीला "पाला काढून दे" असे सांगून पांढरा मुळा तेवढा पिशवीत टाकतात. सकस भाग तिथेच कचऱ्यात जातो.

कशात लावायचे, माती कोणती?

तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा, फुटकी बादली, तांदळाची गोणी, मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, यांपैकी काहीही चालते. खोली वीतभर तरी हवी, हातभर असल्यास उत्तम. तळाला चार-पाच भोके पाडावीत. रंगाचे, ॲसिडचे किंवा औषधाचे डबे भाजीसाठी वापरू नयेत, कितीही धुतले तरी.

माती कुठून आणता याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. नाल्याच्या काठची, गॅरेजजवळची, भंगाराच्या दुकानामागची किंवा जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात तिथली माती घरात आणू नका. तिच्यात शिसे असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि भाजी धुतल्याने पानाच्या आत गेलेले शिसे निघत नाही. शेतातली किंवा रोपवाटिकेतली माती दोन भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण पुरते. घरच्या भाजीच्या सालींचे कुजवलेले खतही चालते.

पाण्याचेही तसेच. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणारी भाजी मुंबईकरांना ठाऊक आहे. तीच चूक दारात करू नये. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी झाडाला खुशाल घाला. साबणाचे आणि मोरीतले नको. डब्याखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यातले पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून ती घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. भाजीच्या नादात घरात ताप यायला नको.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. दोन-अडीच बोटे अंतरावर, नखभर खोल बी टाका. तीन ते पाच दिवसांत उगवते. रोपे चार पानांची झाली की दाटी कमी करा. उपटलेली कोवळी रोपे पाल्यासकट भाजीत जातात. रोज चार-पाच तास ऊन मिळाले पाहिजे. दाट गल्लीत दाराशी ऊन नसेल तर पत्र्याची कड, जिन्याचा कठडा किंवा विहाराच्या आवारातली मोकळी बाजू पाहावी. पत्र्यावर डबा ठेवायचा असेल तर खाली दोन विटा ठेवा, नाहीतर मुळे भाजून निघतात.

एकटे झाड फळत नाही

मुळ्याचे एक वैशिष्ट्य नीट समजून घ्या, कारण इथेच अनेकांची निराशा होते. मुळ्याचे झाड स्वतःच्याच परागाने सहसा फळ धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाशीने आणून घातला तरच शेंग भरते. एकच मुळा फुलायला सोडला तर फुले भरघोस येतील आणि गळून जातील. दोष खताचा नाही, पाण्याचाही नाही. झाडाला जोडीदार नाही एवढेच.

म्हणून एका वेळी निदान सहा-आठ झाडे फुलावर हवीत. एका घरात एवढी जागा नसते. त्यावर सोपा उपाय म्हणजे गल्लीतल्या तीन-चार घरांनी दोन-दोन झाडे ठेवायची आणि डबे जवळजवळ मांडायचे. महिला मंडळाने ठरवले तर हे एका बैठकीत जमते. मधमाश्या फारशा दिसत नसतील तर सकाळी कापसाचा बोळा एका झाडाच्या फुलावर हलकेच फिरवून दुसऱ्या झाडाच्या फुलावर टेकवावा. मुलांना हे काम फार आवडते, आणि शाळेतला परागीभवनाचा धडा त्यांना कायमचा समजतो.

आधी फुललेले पोटाला, उशिरा फुललेले बियाण्याला

सगळी झाडे एकदम फुलत नाहीत. एखादे मूळ धरायच्या आधीच घाईने दांडा काढते. अशा झाडाचे बी राखले तर पुढच्या वर्षी त्याची पिल्लेही तशीच उतावळी निघतात. मूळ मिळत नाही, नुसता दांडा. म्हणून नियम साधा आहे. जे आधी फुलले त्याच्या डिंगऱ्या खायच्या. ज्याचे मूळ चांगले पोसले आणि जे उशिरा फुलले, ते बियाण्यासाठी राखायचे.

मूळ चांगले आहे की नाही हे जमिनीत कसे कळणार? त्यासाठी शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. चाळीस-पन्नास दिवसांनी, मुळा खाण्याजोगा झाला की अलगद उपटायचा. सरळ, गुळगुळीत, न तडकलेले मुळे निवडायचे. त्यांचा पाला चार बोटे ठेवून कापायचा, मुळ्याचा खालचा अर्धा भाग स्वयंपाकाला घ्यायचा आणि वरचा, देठाकडचा भाग लगेच पुन्हा मातीत लावून पाणी द्यायचे. अर्धा मुळा ताटात, अर्धा मातीत. काही दिवसांत नवी पाने फुटतात आणि मग दांडा येतो. बाजारातून आणलेल्या ताज्या मुळ्याचा देठाकडचा भाग शाबूत असेल तर तोही असा लावून पाहता येतो.

दांडा कमरेएवढा, कधी त्याहूनही उंच होतो आणि वाऱ्याने आडवा पडतो. काठी रोवून सुतळीने सैल बांधून घ्या.

फुलोऱ्यावर मावा पडतो. शेंड्याला हिरवट-करडे बारीक किडे चिकटलेले दिसतात. सुरुवातीलाच तेवढा शेंडा खुडून टाका किंवा पाण्याच्या जोरदार धारेने किडे पाडा. जास्त झाले तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. झुरळे-ढेकूण मारायचे घरातले औषध झाडावर कधीही मारू नका. त्या शेंगा आपल्याच पोरांच्या पोटात जाणार आहेत.

डिंगऱ्या कशा खाव्यात?

शेंग बोटाने वाकवल्यावर कट्कन मोडली तर कोवळी. वाकली पण मोडली नाही तर जून. ती आता बियाण्याचीच. दोन-तीन दिवसांआड तोडत राहिलात तर झाड नवीन फुले काढत राहते.

भाजीची रीत अशी. पावशेर डिंगऱ्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून धुवाव्यात, टोके काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. चमचाभर तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची घालावी. तासभर भिजवलेली मूठभर मूगडाळ टाकून दोन मिनिटे परतावी, पाण्याचा हबका मारावा, मग डिंगऱ्या आणि मीठ घालून झाकण ठेवावे. सात-आठ मिनिटांत होते. फार शिजवू नये, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जाते. उतरवल्यावर अर्धे लिंबू पिळावे. डाळ नसेल तर भाजून कुटलेले शेंगदाणे घाला, किंवा बेसन पेरून कोरडी भाजी करा. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती फार छान लागते.

उग्र वास किंवा तिखटपणा मुलांना नको वाटत असेल तर कोवळ्या डिंगऱ्या बारीक चिरून दह्यात कालवाव्यात, वर कोथिंबीर. कच्चे खायचे असेल तर पिण्याच्या पाण्यानेच धुवावे.

बी कसे राखावे?

बियाण्याच्या झाडावर खालच्या, आधी धरलेल्या शेंगा ठेवाव्यात आणि शेंडा खुडावा, म्हणजे दाणा चांगला भरतो. शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या, हलवल्यावर हलक्या वाटू लागल्या की दांडा कापून सुती पिशवीत उलटा टांगावा. मोहरीची शेंग वाळली की तडकते आणि दाणे उडतात. मुळ्याची शेंग आपणहून उकलत नाही. तिचे कवच भेंडासारखे असते. त्यामुळे सांडलवंड होत नाही, पण दाणे काढायला शेंगा कापडात गुंडाळून वरून लाटणे फिरवावे लागते. मग सुपात पाखडून घ्या. तांबूस-तपकिरी, गोलसर दाणे मिळतील. एका ग्रॅममध्ये साधारण शंभर दाणे भरतात; म्हणजे चमचाभर बी एका कुटुंबाला वर्षभर पुरून उरते.

बी सावलीत किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवावे. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर टाकलेले बी मरते. पूर्ण वाळल्यावर काचेच्या बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, कागदावर नाव आणि महिना लिहून, चुलीपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. असे बी चार वर्षे टिकते. पेरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. सात-आठ उगवले तर बी चांगले.

दुकानातून प्रथमच बी घेताना संकरित घेऊ नका. संकरित मुळ्याच्या डिंगऱ्या खाता येतात, पण त्याच्या बियांपासून पुढच्या पिढीत एकसारखा मुळा मिळत नाही. देशी किंवा सुधारित वाण मागा. 'पुसा चेतकी' हा त्यातला नावाजलेला वाण आहे. पाकिटातले बी गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले असेल तर त्यावर बुरशीनाशक चोळलेले आहे असे समजा. ते मोड आणून खाऊ नका, मुलांच्या हाती देऊ नका, पेरल्यावर हात साबणाने धुवा. घरच्या बियाण्याला हा धोका नाही. जास्तीच्या बियांना मोड आणून उसळीत, कोशिंबिरीत खुशाल वापरा.

आपले बी राखणे, वाटणे, देणे-घेणे याला कायद्याचा आधार आहे. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासाठी २००१ साली झालेल्या कायद्याने शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी भाज्यांचे बी घरातच जमवत बियाण्यांची बँक उभी केली. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवातही घरच्या परसबागेतूनच झाली.

कोणी जपावे?

कच्चा मुळा, डिंगऱ्या रिकाम्या पोटी भरपूर खाल्ल्या तर गॅस, जळजळ होते. थोड्या आणि जेवणाबरोबर खाव्यात. थायरॉईडचा त्रास असणाऱ्यांनी कच्च्याऐवजी शिजवून खाव्यात आणि आयोडीनयुक्त मीठ वापरावे. मूत्रपिंडाच्या आजारात पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

कावीळ झाली की मुळ्याच्या पाल्याचा रस पाजायची रीत अनेक घरांत आहे. पाला चांगला, पण तो काविळीचे औषध नाही. कावीळ अनेक कारणांनी होते, आणि गरोदर बाईला तर ती जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. रस पाजत आठवडा घालवू नका. कच्चा पाला अशुद्ध पाण्यात धुऊन रस काढला तर पोटाचा आजार वरून लागतो तो वेगळाच.

येत्या हंगामात एवढे करा. आपल्या गल्लीत बोलून चार घरे ठरवा, प्रत्येकी एक डबा मातीने भरा आणि एकाच आठवड्यात पेरा. मुळे तयार झाले की सगळे उपटू नका. प्रत्येक डब्यात दोन उभे राहू द्या. माघ-फाल्गुनात डिंगऱ्या ताटात येतील, आणि उन्हाळा लागेपर्यंत चारही घरांच्या फडताळात बियांची एकेक बाटली असेल. पाचव्या घराला त्यातले चमचाभर द्या, आणि झाड एकटे लावू नका, हेही सांगा.